वाचक विचारतात : स्टॅटमेकमध्ये नेमकं मोजायचं तरी काय?

गेल्या अंकात मी जाता जाता एक ओळ टाकली होती की स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्सचा (म्हणजे स्टॅटमेकचा, असंख्य कणांच्या मोजणीतून उष्णतेचे नियम काढणाऱ्या विषयाचा) पहिला कोर्स ज्यांना जड जातोय त्यांनी प्रश्न पाठवावेत, आणि मग इतके मेल आले की या वेळचं सदर पूर्ण त्यालाच द्यावं लागतंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, काही लांबलचक होते ते छाटलेत. ज्यांनी असाइनमेंटचे फोटो काढून "एवढं सोडवून द्या ना" म्हणून पाठवलंय त्यांना मात्र हात जोडते.

प्रश्न : मॅडम, मी एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. पहिल्याच लेक्चरला सरांनी फळ्यावर लिहिलं की आयसोलेटेड, म्हणजे बाहेरच्यांशी काहीच देवाणघेवाण नसलेल्या, सिस्टिमच्या सगळ्या मायक्रोस्टेट्सची, म्हणजे कणांच्या नेमक्या मांडण्यांची, शक्यता सारखी असते, आणि लगेच पुढे निघाले. हे आलं कुठून? कोणी सिद्ध केलं? मी तिथेच अडकलेय आणि पुढचं सगळं हवेत लटकल्यासारखं वाटतंय. मला अरेतुरे केलंत तरी चालेल.

अडकलीस ते अगदी योग्य जागी अडकलीस, बाकीचे तिथून न बघताच पुढे जातात आणि मग परीक्षेच्या आदल्या रात्री अडकतात. सरळ सांगते, ते गृहीतक आहे. मोजक्या, मुद्दाम सोप्या केलेल्या सिस्टिम्ससाठी गणितवाल्यांनी त्याच्या जवळ जाणाऱ्या गोष्टी सिद्ध केल्यात, पण कुठल्याही खऱ्या गॅससाठी न्यूटनच्या नियमांतून ते कोणी काढून दाखवलेलं नाही. आपण ते मानतो कारण एकाच एनर्जीच्या दोन स्टेट्सपैकी एकीला जास्त वजन द्यायला आपल्याकडे काही कारण नाही, आणि मुख्य म्हणजे त्यातून निघालेले आकडे प्रयोगाशी जुळतात. एवढं स्वीकार आणि पुढे चल, कारण खरी गंमत या गृहीतकात नाहीच, ते लावल्यावर जी मोजणी करावी लागते तिच्यात आहे.

वही घे. अ आणि ब अशा दोन सिस्टिम्स. अ कडे दोन ऑसिलेटर, म्हणजे एनर्जीचे ठरावीक तुकडे साठवणारे झुलते कण, ब कडे चार, आणि दोघांत मिळून एनर्जीचे असे ६ तुकडे, म्हणजे क्वांटा. क्वांटा इकडून तिकडे जाऊ शकतात, बाहेर जाऊ शकत नाहीत. अ कडे एकही क्वांटम नसेल तर ब चे चार ऑसिलेटर ते सहाच्या सहा ८४ प्रकारे वाटून घेऊ शकतात, म्हणजे या वाटणीच्या मायक्रोस्टेट्स ८४. अ कडे एक असेल तर अ चे २ प्रकार गुणिले ब चे ५६, झाले ११२. असंच पुढे मोजत गेलीस की अ कडे दोन असताना १०५, तीनला ८०, चारला ५०, पाचला २४ आणि सगळेच अ कडे असतील तर फक्त ७. बेरीज ४६२. आता तुझं ते गृहीतक लाव : ४६२ पैकी प्रत्येक स्टेट सारखीच शक्य आहे. तरीसुद्धा वाटण्या सारख्या शक्य नाहीत ना! सगळी एनर्जी अ कडे सापडण्याची शक्यता दीड टक्का, आणि एक किंवा दोन क्वांटा अ कडे असण्याची जवळजवळ ४७ टक्के. सरासरी काढलीस तर अ कडे बरोबर २ क्वांटा येतात, म्हणजे सहातल्या दोन ऑसिलेटरच्या वाट्याला एनर्जीचा तिसरा हिस्सा. आपण कुठलाही उष्णतेचा नियम घातलेला नाही, नुसतं मोजलंय.

आता याच टेबलात सहाच्या जागी १० चा २२वा घात इतके ऑसिलेटर आण. टेबल लिहिता येणार नाही पण आकार सांगता येतो : सरासरीच्या आजूबाजूचा फैलाव सरासरीच्या तुलनेत साधारण एक भागिले वर्गमूळ एन (एन म्हणजे ऑसिलेटरची संख्या) इतकाच उरतो, म्हणजे १० चा उणे ११वा घात. कुठल्याही थर्मामीटरला तो दिसणं शक्य नाही. म्हणून अ गरम असेल तर एनर्जी ब कडे जाते आणि तिथेच राहते असं आपल्याला दिसतं. आणि ती वाटणी कुठे थांबते? जिथे अ आणि ब च्या स्टेट्सचा गुणाकार सगळ्यात मोठा होतो तिथे. गुणाकाराचा लॉग घेतला की बेरीज, बेरजेचं मॅक्सिमम काढायचं तर दोन्हीकडचे डेरिव्हेटिव्ह सारखे, आणि लॉगचा एनर्जीच्या संदर्भातला हा जो चढ आहे त्याला बोल्ट्झमन कॉन्स्टंटने गुणलं की तेच एक भागिले टी. टेंपरेचर इथे जन्माला येतं, थर्मामीटरमधून नाही. हे एकदा हाताने केलंस तर पुढचा निम्मा कोर्स सोपा आहे, हे मी अजिबात वाढवून सांगत नाहीये.

प्रश्न : एखाद्या स्टेटची शक्यता ठरवणारा ई रेज्ड टू मायनस बीटा ई हा फॅक्टर (बीटा म्हणजे एक भागिले केटी, केटी म्हणजे बोल्ट्झमन कॉन्स्टंट गुणिले टेंपरेचर, शेवटचा ई म्हणजे एनर्जी) नेमका कुठून येतो? आमच्याकडे लॅग्रांज मल्टिप्लायर लावून काढला, गणित कळलं पण अर्थ काहीच लागला नाही. आणि पार्टिशन फंक्शन ही सगळ्या स्टेट्सच्या याच फॅक्टरांची नुसती बेरीज असताना त्यातून सगळंच कसं काय निघतं?

लॅग्रांजची पद्धत चुकीची नाही पण मला ती पहिल्यांदा शिकवायला अजिबात आवडत नाही, कारण त्यात बीटा आकाशातून पडतो. वरचंच सहा ऑसिलेटरचं उदाहरण घ्या, पण आता फक्त एका ऑसिलेटरकडे बघा, बाकीचे पाच हे त्याचं रिझर्व्हॉयर, म्हणजे एनर्जीचा साठा. याच्याकडे शून्य क्वांटा असतील तर बाकीच्या पाचांच्या स्टेट्स २१०. याच्याकडे एक असेल तर १२६, मग ७०, ३५, १५, ५ आणि शेवटी १. बघा, आपल्या एका ऑसिलेटरची स्टेट प्रत्येक वेळी एकच आहे, घटतायत त्या रिझर्व्हॉयरच्या. म्हणजे छोट्या सिस्टिमला खालची लेव्हल आवडते वगैरे काही नसतं, तिने एनर्जी घेतली की बाहेरच्यांचे पर्याय कमी होतात, बस.

आता लागोपाठच्या आकड्यांचं गुणोत्तर काढा. ०.६०, ०.५६, ०.५०, ०.४३ असं ते घसरत जातं कारण आपलं रिझर्व्हॉयर फारच लहान आहे, एक क्वांटम काढला तरी त्याला जाणवतं. ते प्रचंड मोठं केलं की गुणोत्तर कॉन्स्टंट होतं, आणि दर पायरीला एकाच आकड्याने गुणलं जाणारी गोष्ट म्हणजेच एक्स्पोनेन्शियल. पुस्तकात जे रिझर्व्हॉयरच्या लॉगचं टेलर एक्स्पान्शन करून दुसऱ्या घातापासूनच्या टर्म्स सोडून देतात ते हेच.

पार्टिशन फंक्शनबद्दल थोडक्यात. त्या बेरजेत प्रत्येक स्टेट आपल्या वजनाने मोजलेली असते, त्यामुळे अंदाजे ती सांगते की या टेंपरेचरला किती स्टेट्स खरोखर आवाक्यात आहेत. आणि ती बीटाचं फंक्शन असल्यामुळे बीटा जरासा हलवला की कुठल्या एनर्जीच्या स्टेट्स किती घटतात-वाढतात ती सगळी माहिती तिच्यात साठवलेली असते, म्हणून तिच्या लॉगचं डेरिव्हेटिव्ह घेतलं की सरासरी एनर्जी, दुसऱ्यांदा घेतलं की एनर्जीचं फ्लक्चुएशन.

आकडे टाकून बघायची सवय लावा. ३०० केल्विनला केटी साधारण एक चाळीसांश इलेक्ट्रॉनव्होल्ट, हे पाठच करा. हायड्रोजनची दुसरी लेव्हल पहिलीच्या वर १०.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट, तिथे चार स्टेट्स, म्हणजे रूम टेंपरेचरला पहिलीच्या तुलनेत दुसरीत असलेल्या अणूंचं प्रमाण १० चा उणे १७१वा घात, थोडक्यात कोणी नाही. तेच ६००० केल्विनला दहा कोटींमागे एखादा, आणि ताऱ्याच्या वातावरणात अणूच इतके असतात की तेवढ्यावर स्पेक्ट्रमच्या रेषा दिसतात. मेघनाद साहांनी १९२० मध्ये हाच विचार आयनायझेशनला लावला. तिथे एक छान मेख आहे : हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन काढायला १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, केटीने ते गाठायचे तर टेंपरेचर दीड लाख केल्विनच्या पुढे हवं, पण ताऱ्यांच्या विरळ वातावरणात १०,००० केल्विनच्या आसपासच हायड्रोजन मोठ्या प्रमाणात आयनाइज होतो. कारण सुट्या इलेक्ट्रॉनला मिळणाऱ्या स्टेट्स अफाट असतात आणि एक्स्पोनेन्शियलने केलेली मारामार ती संख्या भरून काढते. एनर्जी एका बाजूला आणि मोजणी दुसऱ्या बाजूला, ही रस्सीखेच तुम्हाला पूर्ण कोर्सभर दिसेल.

प्रश्न : कोर्स सुरू व्हायच्या आधी गणिताचं काय काय उजळणी करावं? माझं गणित बेताचंच आहे.

फार नाही. जॉमेट्रिक सिरीज, गॉसियन इंटिग्रल, पार्शल डेरिव्हेटिव्ह, परम्युटेशन-कॉम्बिनेशन आणि स्टर्लिंग, म्हणजे मोठ्या फॅक्टोरियलचा लॉग अंदाजे काढायचा फॉर्म्युला. स्टर्लिंगचा धसका घेऊ नका, कॅल्क्युलेटरवर तपासून बघा : १० फॅक्टोरियलचा नॅचरल लॉग १५.१० आणि स्टर्लिंगचा साधा फॉर्म्युला देतो १३.०३, म्हणजे वाईटच, पण १०० ला ३६३.७ विरुद्ध ३६०.५, चूक एक टक्क्याच्या आत आली, आणि आपल्याला तर १० चा २३वा घात असले आकडे लागतात. क्वांटमचं फक्त एनर्जी लेव्हल्स म्हणजे काय एवढं आलं तरी पुरे. थर्मोडायनॅमिक्स मात्र कच्चं असेल तर आधी ते नीट करा, तिथे सवलत नाही.

प्रश्न : मी निवृत्त प्राध्यापक, इंजिनिअरिंगला थर्मो शिकवत होतो. आम्ही एन्ट्रॉपी म्हणजे पसारा, अव्यवस्था असं सांगायचो. माझी नात म्हणते तिच्या शिक्षिकांना ते पटत नाही. शिवाय मला एक जुनी शंका आहे, रेणूंचे नियम उलट-सुलट दोन्ही दिशांना चालतात तर मग एन्ट्रॉपी एकाच दिशेने का वाढावी?

सर, नातीच्या शिक्षिकांशी मी सहमत आहे. पसारा हा शब्द सुरुवातीला कामाला येतो पण लवकरच दगा देतो. एकमेकांना न ओढणाऱ्या, फक्त एकमेकांत घुसू न शकणाऱ्या कडक गोळ्यांची सिस्टिम घ्या. गोळे दाटीवाटीने भरत गेलं की एका मर्यादेनंतर ते आपोआप क्रिस्टलसारखे रांगेत बसतात. १९५७ मध्ये ऑल्डर आणि वेनराइट यांनी कॉम्प्युटरवर हे दाखवलं. इथे एनर्जीचा फायदा शून्य, जे होतंय ते निव्वळ एन्ट्रॉपी वाढते म्हणून, कारण रांगेत बसल्यावर प्रत्येक गोळ्याला आपल्या जागी हलायला जास्त मोकळीक मिळते. डोळ्यांना व्यवस्था दिसते आणि एन्ट्रॉपी जास्त आहे! म्हणून मी तरी वर्गात एवढंच सांगते की बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या मायक्रोस्टेट्स किती त्या मोजा आणि लॉग घ्या. व्हिएन्नाला बोल्ट्झमनच्या थडग्यावर कोरलेलं एस बरोबर के लॉग डब्ल्यू म्हणजे तेच. गंमत अशी की त्या रूपात तो फॉर्म्युला आणि तो के हे दोन्ही आणले प्लांकने. त्या के ची किंमत २०१९ पासून व्याख्येनेच पक्की केलीय, १.३८०६४९ गुणिले १० चा उणे २३वा घात ज्यूल प्रति केल्विन.

तुमची दुसरी शंका तुमच्या एकट्याची नाही, लोशमिटने १८७६ मध्ये बोल्ट्झमनला नेमकी हीच घातली होती, की सगळ्या रेणूंचे वेग एका क्षणी उलटे केले तर एन्ट्रॉपी कमी होत जाईल, आणि तेही नियमांना धरूनच असेल. बोल्ट्झमनने पुढच्या वर्षी जे उत्तर दिलं त्याचा गाभा असा की तशा स्टेट्स आहेत, पण त्यांची संख्या बाकीच्यांपुढे काहीच नाही. फक्त १०० रेणू घ्या, सगळे डब्याच्या डाव्या अर्ध्यात सापडण्याची शक्यता १० चा उणे ३०वा घात या घरातली. सेकंदाला दहा लाख वेळा नवीन मांडणी तपासत बसलात तरी एकदा तसं दिसायला विश्वाच्या वयाच्या सुमारे तीस लाख पट वेळ लागेल. आणि हे फक्त १०० रेणूंसाठी.

पण इथे एक गोष्ट पुस्तकं गालिच्याखाली सरकवतात ती बोलायलाच हवी. ही मोजणी जशी भविष्याला लागू होते तशीच भूतकाळालाही होते, म्हणजे नुसत्या मोजणीवरून काल एन्ट्रॉपी आजच्यापेक्षा कमी होती असं निघत नाही. ती कमी होती हे सुरुवातीच्या परिस्थितीबद्दलचं वेगळं विधान आहे आणि त्याचा माग काढत गेलं की थेट विश्वाच्या आरंभापर्यंत जावं लागतं. पहिल्या कोर्सला ते येत नाही, पण नातीला हा प्रश्न वर्गात विचारायला जरूर सांगा.

प्रश्न : गॅसच्या पार्टिशन फंक्शनला एन फॅक्टोरियलने का भागायचं? सर म्हणाले गिब्ज पॅराडॉक्स टाळायला, नाहीतर एकाच गॅसचे दोन भाग मिसळले तरी एन्ट्रॉपी वाढल्याचं उत्तर येतं. म्हणजे उत्तर चुकतं म्हणून भागायचं, असंच ना?

तसं शिकवलं की ते ठिगळ वाटतं, तुमचा राग मला पटतो. दोन पार्टिकल आणि तीन स्टेट्स घ्या. पार्टिकल वेगवेगळे ओळखता येत असतील तर मांडण्या ९. ओळखताच येत नसतील आणि एका स्टेटमध्ये कितीही बसू शकत असतील, म्हणजे बोसॉन, तर ६. एका स्टेटमध्ये एकच बसू शकत असेल, म्हणजे फर्मिऑन, तर ३. आता ९ ला २ फॅक्टोरियलने भागा, साडेचार येतं! साडेचार मांडण्या म्हणजे काय? काहीच नाही, म्हणजे एन फॅक्टोरियलने भागणं हे नेमकं उत्तर नव्हेच, ते अप्रॉक्सिमेशन आहे. तीनच्या जागी १००० स्टेट्स घ्या आणि परत करा : भागून येतं ५,००,०००, बोसॉनचं खरं उत्तर ५,००,५००, फर्मिऑनचं ४,९९,५००. फरक हजारात एक. पार्टिकलपेक्षा स्टेट्स भरपूर असल्या की दोघे एकाच स्टेटमध्ये यायची वेळच क्वचित येते, मग बोसॉन काय नि फर्मिऑन काय. साध्या गॅसला रूम टेंपरेचरला हेच चालतं म्हणून एन फॅक्टोरियल चालतं.

आणि जिथे ते चालत नाही तिथे जास्त मजा आहे. सत्येंद्रनाथ बोस ढाक्याला असताना १९२४ मध्ये त्यांनी फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, याच पद्धतीने, म्हणजे ओळख न ठेवता मोजले आणि गरम वस्तूच्या प्रकाशाचा प्लांकचा नियम थेट बाहेर आला. पेपर आइन्स्टाइनला पाठवला, त्यांनी स्वतः जर्मनमध्ये करून छापून आणला आणि मग तीच मोजणी अणूंना लावली. त्यातून पुरेशा कमी टेंपरेचरला अणू सगळ्यात खालच्या स्टेटमध्ये गोळा होतात असं निघालं. विरळ गॅसमध्ये ते प्रत्यक्ष बघायला १९९५ उजाडलं, रुबिडियमचे अणू केल्विनच्या एक कोटीव्या भागाच्या आसपास थंड करावे लागले. वरच्या उदाहरणात दोघे एकाच स्टेटमध्ये असण्याची शक्यता काढून बघा, ओळखता येत असतील तर ९ पैकी ३, बोसॉनसाठी ६ पैकी ३. गर्दी करायची ही वृत्ती दोन पार्टिकलांतही दिसते.

प्रश्न : मोजणीच्या तीन चौकटी शिकवल्या, मायक्रोकॅनॉनिकल, कॅनॉनिकल, ग्रँड कॅनॉनिकल. परीक्षेत कुठलं वापरायचं हे ओळखायचं कसं?

प्रश्नात काय पक्कं धरलंय ते बघा. एनर्जी पक्की असेल तर पहिलं, टेंपरेचर असेल तर दुसरं, टेंपरेचर आणि केमिकल पोटेन्शियल (म्हणजे पार्टिकलही आत-बाहेर करू शकतात) असेल तर तिसरं. मोठ्या सिस्टिमला तिन्हीतून सहसा एकच उत्तर येतं, त्यामुळे जे सोपं जाईल ते घ्या. फर्मी आणि बोस गॅसला ग्रँड कॅनॉनिकलच घ्या, दुसरं घेऊन उगाच पानं भरू नका.

प्रश्न : टू-लेव्हल, म्हणजे एनर्जीच्या दोनच लेव्हल्स असलेल्या, सिस्टिमच्या हीट कपॅसिटीचा ग्राफ काढला तर तो वर जाऊन परत खाली येतोय. मित्र म्हणतो चुकलंय, टेंपरेचर वाढलं की हीट कपॅसिटी वाढायलाच हवी. शिवाय एनर्जी अर्ध्याच्या वर घातली की टेंपरेचर निगेटिव्ह येतंय. कुठे चुकतंय माझं?

कुठेच नाही, मित्राला सांगा. खूप थंड असताना वर जायला कोणाकडे एनर्जी नसते, खूप गरम असताना निम्मे वर निम्मे खाली होऊन बसलेले असतात आणि आणखी गरम केलं तरी वर घ्यायला काही उरत नाही, म्हणून दोन्ही टोकांना हीट कपॅसिटी शून्याकडे जाते. मधला उंचवटा केटी हे लेव्हल्समधल्या अंतराच्या ०.४२ पट असताना येतो आणि त्याची उंची एका पार्टिकलमागे ०.४४ के, तुमचे आकडे याच्याशी ताडून बघा. याला शॉट्की अनॉमली म्हणतात आणि खऱ्या मॅग्नेटिक सॉल्ट्समध्ये ती मोजतातसुद्धा.

निगेटिव्ह टेंपरेचरही बरोबर आहे. एनर्जीला वरची मर्यादा असली की निम्म्याच्या पुढे एनर्जी घातल्यावर स्टेट्सची संख्या घटायला लागते, चढाचा उतार होतो आणि एक भागिले टी निगेटिव्ह. पर्सेल आणि पाउंड यांनी १९५१ मध्ये लिथियम फ्लोराइडच्या क्रिस्टलमधल्या न्यूक्लिअर स्पिनांवर हे करून दाखवलं. अशी सिस्टिम थंड नसते हं, ती कुठल्याही पॉझिटिव्ह टेंपरेचरच्या वस्तूला एनर्जी देते, म्हणजे सगळ्यांपेक्षा गरम. ग्राफ परत काढा आणि आडव्या अक्षावर टी ऐवजी बीटा घ्या, टी ला मध्ये इन्फिनिटीवरून उडी मारावी लागते पण बीटा शून्यातून सरळ पलीकडे जातो, आणि सरासरी एनर्जीचा कर्व्ह कुठेही न तुटता एका रेषेत मिळतो.